भयकथा आधी वाचावी की आधी पडद्यावर पाहावी? (जोड्या, आवृत्त्या, पाहण्याची तयारी)

काजवा

भयपट आणि त्यामागचं पुस्तक यांची चर्चा बहुतेक वेळा 'पुस्तकच भारी' या दोन शब्दांवर संपते. नव्या वाचकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. म्हणून हा धागा एकेका जोडीने चालवू या. पुस्तक कुठे घाबरवतं, चित्रपट कुठे घाबरवतो, काय बदललं, ते का बदलावं लागलं आणि आधी काय हाती घ्यावं, असं लिहू या. कथांची गुपितं इथे फुटणार आहेत. ज्यांना ती नको असतील त्यांनी नाव पाहून तो प्रतिसाद सोडून द्यावा.

सुरुवात 'द शायनिंग'पासून. स्टीफन किंग यांची कादंबरी १९७७ची, स्टॅन्ली कुब्रिक यांचा चित्रपट १९८०चा. कादंबरीतला जॅक टॉरन्स दारू सोडलेला, मुलावर जीव असलेला आणि रागावर ताबा नसलेला माणूस आहे. हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलची राखण करायला तो बायको-मुलासह तिथे राहतो. हॉटेल त्याला आतून पोखरत जातं, आणि वाचक त्याच्याच डोक्यात बसून ते पाहतो. तळघरातला बॉयलर हा कादंबरीचा कणा आहे. त्याचा दाब ठरलेल्या वेळी उतरवावा लागतो, नाहीतर काटा चढत जातो. शेवटी जॅकला त्याचा विसर पडतो, बॉयलर फुटतो आणि हॉटेल जळून खाक होतं. सुरुवातीलाच पेरलेली गोष्ट शेवटी बरोबर उगवते.

कुब्रिक यांनी हा कणाच काढून टाकला. त्यांचा जॅक बर्फात गोठून मरतो, हॉटेल जसंच्या तसं उभं राहतं. पण सगळ्यात शिकण्यासारखा बदल बागेतला आहे. कादंबरीत प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. नजर दुसरीकडे वळली की ती जवळ सरकतात, पुन्हा पाहावं तर स्थिर. हालचाल कधीच दिसत नाही, फक्त अंतर कमी झालेलं कळतं. हे वाक्यांत जमतं, कारण दोन वाक्यांच्या मधली जागा वाचक स्वतः भरतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. कुब्रिक यांनी त्या जागी झुडपांचा चक्रव्यूह आणला आणि भीती चालण्यात, वळणात, वाट चुकण्यात ठेवली. १९९७ साली तीन भागांची टीव्ही मालिका आली, पटकथा खुद्द किंग यांची, दिग्दर्शन मिक गॅरिस यांचं. तिच्यात झुडपांचे प्राणी संगणकाच्या मदतीने प्रत्यक्ष हलतात, आणि नेमकं तिथेच भय विरतं. माझं म्हणणं एवढंच की पुस्तकात भय ज्या साधनाने तयार होतं ते पडद्याजवळ नसेल, तर प्रसंग उचलून आणण्यात अर्थ नाही. त्या तोडीचं दुसरं साधन शोधावं लागतं.

कुब्रिक यांचं साधन होतं स्टेडीकॅम, म्हणजे चालताना कॅमेऱ्याला हिसके बसू न देणारं उपकरण. जॅकचा मुलगा डॅनी याची तीनचाकी रिकाम्या मजल्यांवरून फिरते तेव्हा कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर तिच्या मागे जातो. चाक लाकडी जमिनीवर आलं की घरघर, गालिच्यावर गेलं की एकदम शांत, पुन्हा घरघर. पुढच्या वळणावर काही आहे की नाही हे आपण कानांनी मोजू लागतो. कादंबरीत याला समांतर असं काहीच नाही.

क्रम: आधी कादंबरी. चित्रपटातला जॅक पहिल्या मुलाखतीपासूनच विचित्र वाटतो. तो चेहरा डोक्यात बसला की कादंबरीतली हळूहळू होणारी घसरण जाणवतच नाही.

सांजसावली

काजवा, साधनाच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, क्रमाशी मात्र नाही. 'द शायनिंग'मध्ये चित्रपट आधी पाहिल्याने कादंबरीचं काहीच फुटत नाही, कारण शेवट वेगळे आहेत. आचारी हॅलोरन चित्रपटात मरतो, कादंबरीत जगतो आणि आई-मुलाला बाहेर काढतो. चित्रपट पाहून आलेला वाचक त्या प्रकरणांत चुकीच्या ठिकाणी धसका घेतो, आणि ते कादंबरीच्या फायद्याचंच आहे. हत्यारही वेगळं. पुस्तकात रोक नावाच्या खेळाचा लांब दांड्याचा हातोडा, पडद्यावर कुऱ्हाड.

आवृत्ती तपासून घ्या. अमेरिकेतली १४४ मिनिटांची आहे, युरोपात दाखवलेली सुमारे ११९ मिनिटांची. छोट्या आवृत्तीत सुरुवातीची डॉक्टरबाईंची भेट पूर्ण उडवली आहे. जॅकने पूर्वी दारूच्या नशेत मुलाचा हात निखळवला होता हे त्याची बायको वेंडी तिथेच सांगते, तेही हसून, सावरून घेत. तिचा स्वभाव त्या एका प्रसंगात कळतो. तो गेला की ती केवळ किंचाळणारी बाई उरते, आणि मग लोक तक्रार करतात की कुब्रिक यांनी वेंडीचं पात्र वाया घालवलं. लांबी पाहूनच चित्रपट सुरू करा.

पुढचा भाग हवा असेल तर 'डॉक्टर स्लीप'. कादंबरी २०१३ची, माइक फ्लॅनगन यांचा चित्रपट २०१९चा. कादंबरी धरून चालते की हॉटेल कधीच जळून गेलं. चित्रपट कुब्रिक यांच्या मागून चालतो, त्यामुळे त्यात हॉटेल उभं आहे, आणि शेवटी ते बॉयलरनेच जळतं. म्हणजे १९७७च्या पुस्तकातला शेवट पडद्यावर यायला २०१९ उजाडलं. ही गंमत कळायला आधीचं पुस्तक आणि आधीचा चित्रपट दोन्ही झालेले हवेत.

काजवा

हॅलोरनचा मुद्दा मान्य. पण घसरणीचं काय? ती त्या कादंबरीचा गाभा आहे. हॅलोरन जगतो की मरतो हा शेवटच्या काही प्रकरणांपुरता प्रश्न.

खर्ज

क्रमाचं तुमचं चालू द्या. घरी भयपट फसतो तो बहुतेकदा आवाज आणि काळोख यांमुळे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

भयपटाचा ध्वनी कुजबुज आणि धक्का अशा दोन टोकांवर बांधलेला असतो. दोन्हींमधलं अंतर जितकं जास्त तितकं काम चांगलं होतं. टीव्ही आणि साउंडबारमधले 'नाइट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम', 'व्हॉल्यूम लेव्हलर' हे पर्याय नेमकं हेच अंतर कापतात. हळू आवाज वर ओढतात, मोठा खाली दाबतात. दोन्ही उपकरणांत ते बंद करा, एका ठिकाणी बंद करून भागत नाही. मग पहिल्या पाच-सात मिनिटांत साधं बोलणं ताण न देता ऐकू येईल अशी पातळी ठरवा आणि रिमोट बाजूला ठेवा. कुजबुज ऐकायला आवाज वाढवला की पुढचा धक्का कानठळ्या बसवतो, मग तो कमी केला की पुढची कुजबुज हरवते, आणि उरलेला चित्रपट रिमोटशी झटापट करण्यात जातो. शेजाऱ्यांची अडचण असेल तर नाइट मोडपेक्षा साधे तारेचे हेडफोन बरे.

१९६०च्या आसपासचे बहुतेक भयपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचे आहेत. त्यांच्यासाठी 'व्हर्च्युअल सराउंड' बंद ठेवा. 'सायको'च्या ब्लू-रे डिस्कवर नंतर तयार केलेला ५.१ (सहा वाहिन्यांचा) ट्रॅक असतो आणि मूळ मोनोही असतो. मेनूत जाऊन मोनो निवडा.

आता चित्र. 'मोशन स्मूदिंग' (कंपनीनुसार नाव बदलतं) बंद असलंच पाहिजे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसू लागतं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं.

लॅपटॉप एचडीएमआयने जोडत असाल तर 'ब्लॅक लेव्हल' दोन्हीकडे सारखी हवी. लॅपटॉप 'फुल' आणि टीव्ही 'लिमिटेड' असेल तर काळोखातले सगळे तपशील एका काळ्या डागात बुडतात. उलट असेल तर काळा रंग राखाडी दिसतो. तपासायची सोपी रीत: रुंद चित्रपटात वर-खाली काळ्या पट्ट्या असतात, त्या टीव्हीच्या चौकटीइतक्या गडद दिसायला हव्यात, आणि त्याच वेळी पात्रांच्या काळ्या कपड्यांच्या चुण्याही दिसायला हव्यात. पट्ट्या राखाडी किंवा चुण्या गायब असतील तर सेटिंग जुळलेलं नाही.

खोली पूर्ण अंधारी केली की साध्या एलईडी पडद्याचा काळा रंग धुरकट दिसतो आणि डोळे शिणतात. टीव्हीच्या पाठीमागे भिंतीवर पडेल असा मंद पांढरा दिवा ठेवा. समोर मात्र दिवा नको, त्याचं प्रतिबिंब पडतं. बसायचं अंतर ५५ इंची टीव्हीसाठी साधारण १.७ ते २.३ मीटर. आपल्याकडे दिवाणखान्यात सोफा तीन-साडेतीन मीटरवर असतो, तिथून कोपऱ्यातली आकृती दिसतच नाही. एका चित्रपटापुरती खुर्ची पुढे ओढा.

नेट मंद असेल तर ऑनलाइन पाहताना सगळ्यात आधी काळोख बिघडतो. काळ्या भागात चौकोन नाचू लागतात. अॅपमध्ये सोय असेल तर सर्वोच्च दर्जा निवडून आधी डाउनलोड करून घ्या.

वेताळपंचविशी

खर्ज, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. एक भर: 'झूम टू फिल'सुद्धा बंद हवं. 'द इनोसंट्स' (१९६१) रुंद सिनेमास्कोपमध्ये चित्रित झाला आहे. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी चौकटीच्या कडा काळवंडलेल्या दिसाव्यात म्हणून खास फिल्टर वापरले. भय त्या कडांवरच आहे. तळ्यापलीकडे लव्हाळ्यात उभी असलेली काळ्या कपड्यांतली बाई लांबवर, लहान दिसते, आणि ती तशी दिसण्यातच सगळं आहे. पडदा भरायला चित्र ताणलं की कडा कापल्या जातात.

त्यामागचं पुस्तक म्हणजे हेन्री जेम्स यांची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) ही लघुकादंबरी. मुलांना सांभाळायला आलेली शिक्षिका स्वतःची हकिगत लिहिते. भुतं खरंच आहेत की तिच्या मनात, याचा निकाल जेम्स देत नाहीत, कारण तिच्याखेरीज दुसरा साक्षीदार वाचकाला मिळतच नाही. चित्रपटात कॅमेरा हा आपोआप साक्षीदार होतो. त्याला भूत दिसलं की आपण म्हणतो, आहे. दिग्दर्शक जॅक क्लेटन यांनी बऱ्याच ठिकाणी आधी शिक्षिकेचा, म्हणजे नटी डेबोरा कर हिचा, घाबरलेला चेहरा दाखवला आणि ती काय पाहते ते नंतर. म्हणजे प्रतिक्रिया आधी, कारण मागाहून. त्यामुळे आपण जे पाहतो ते तिच्या भीतीतून आलेलं असू शकतं ही शंका शिल्लक राहते. इतक्या साध्या अदलाबदलीने जेम्स यांची संदिग्धता पडद्यावर टिकली.

इथे चित्रपट आधी. जेम्स यांची वाक्यं लांब आणि एकात एक गुंतलेली आहेत. प्रसंग माहीत असले की ती वाचायला जड जात नाहीत.

नवखी_वाचक

रक्तपात सहन होत नाही, पण भयकथा वाचायला आवडतात. सुरुवात कुठून करावी? आणि घाबरून पुस्तक अर्धवट सोडावं लागू नये यासाठी काही युक्ती आहे का?

वेताळपंचविशी

नवखी_वाचक, शर्ली जॅक्सन यांची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) आणि रॉबर्ट वाइज यांचा 'द हाँटिंग' (१९६३) ही जोडी घ्या. रक्त नाही, भूत एकदाही दिसत नाही.

पुस्तक भुताटकीच्या घरात राहायला आलेल्या एलेनॉरच्या मनातून चालतं. तिला आयुष्यात प्रथमच कुठेतरी आपलंसं वाटतंय, आणि ते नेमकं या घरात, हेच त्यातलं खरं भय. एका रात्री अंधारात ती सोबतीणीचा हात घट्ट धरून पडलेली असते. दिवा लागतो तेव्हा सोबतीण लांब दुसऱ्या पलंगावर असते. वाइज यांनी हा प्रसंग घेतला आणि भिंतीवरच्या नक्षीत चेहरा भासेल इतकाच प्रकाश ठेवून कॅमेरा तिथे रोखून धरला. घर वाकडं दिसावं म्हणून त्यांनी पॅनाव्हिजनकडून ३० मिलीमीटरची एक प्रायोगिक भिंग मिळवली. तिच्यात कडा वाकतात म्हणून कंपनी ती द्यायला तयार नव्हती. वाइज यांना मात्र ते वाकणंच हवं होतं. दारावरच्या धडका आधीच ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी नटांना ऐकवल्या, त्यामुळे त्यांचं दचकणं आवाजाशी जुळतं. फुगणारं दार म्हणजे थरांचं लाकूड आणि मागून ते ढकलणारा माणूस.

१९९९ साली याच कथेचा नवा चित्रपट आला. त्यात घराच्या भिंती, पुतळे, पलंग सगळं संगणकाने जिवंत केलं आहे. काजवा यांनी वर झुडपांबद्दल जे सांगितलं तेच इथे झालं.

अर्धवट सोडण्याबद्दल: भयकादंबरीचं प्रकरण जिथे संपतं तिथे थांबू नका. लेखक प्रकरण मुद्दाम टोकावर तोडतो. पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचून थांबा, तिथे बहुधा सकाळ झालेली असते.

अमावास्या_०३

जपानी 'रिंग' अजून आलं नाही. कोजी सुझुकी यांची कादंबरी १९९१ची, हिदेओ नाकाता यांचा चित्रपट १९९८चा. ही जोडी पाहिली की कळतं की एकच कल्पना दोन वेगळ्या प्रकारांत जाऊ शकते.

कादंबरी जवळपास तपासकथा आहे. चार तरुण एकाच वेळी मरतात. त्यामागे एक शापित चित्रफीत असते, जी पाहणारा सात दिवसांनी मरतो. पत्रकार आसाकावा, हा पुरुष आहे, ती पाहतो आणि त्याच्याकडे सात दिवस उरतात. मग तो आणि त्याचा मित्र र्युजी फितीचा एकेक तुकडा छाननीला घेतात. मध्ये मध्ये क्षणभर पडदा काळा का होतो? त्या पापण्या आहेत, असं त्यांच्या लक्षात येतं, म्हणजे हे कॅमेऱ्याने टिपलेलं नसून कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शापामागच्या मृत मुलीच्या, सदाकोच्या, मृत्यूशी देवी रोगाचा संबंध आहे, आणि शाप विषाणूसारखा वागतो, त्याला फक्त स्वतःच्या प्रती हव्या आहेत. भीती हिशेबातून येते.

नाकाता यांनी पत्रकार बाई केली, र्युजीला तिचा घटस्फोटित नवरा केलं आणि त्याला थोडी अतींद्रिय शक्ती दिली. त्यामुळे छाननीची कित्येक पानं एका स्पर्शात उरकली. विषाणूचा भाग गेला. बदल्यात आलं ते सदाकोचं टीव्हीतून बाहेर येणं, जे पुस्तकात नाही. नटीला उलटं, अडखळत मागे चालायला लावलं आणि फिल्म उलटी चालवली. शरीराचं वजन भलत्याच क्षणी भलत्याच पायावर पडतं, मेंदूला काहीतरी चुकतंय एवढंच कळतं. खर्ज यांनी सांगितलेलं मोशन स्मूदिंग चालू असेल तर हे अडखळणं पुसून जातं.

आणखी एक. 'रिंग'सोबत त्याच दिवशी त्याच्या पुढच्या कादंबरीवरचा 'रासेन' हा चित्रपटही प्रदर्शित झाला होता. तो पुस्तकाच्या वैद्यकीय वाटेने गेला आणि लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. मग निर्मात्यांनी तो जणू आलाच नाही असं धरून १९९९ साली 'रिंग २' काढला. त्यामुळे यादीत दोन वेगवेगळे पुढचे भाग दिसतात आणि पाहणारा गोंधळतो. चित्रपटाची वाट हवी तर 'रिंग २', पुस्तकांची हवी तर 'रासेन'.

क्रम: चित्रपट आधी, मोठ्या पडद्यावर. नंतर कादंबरी, वेगळी कथा समजून.

गावकुस

मराठी वाचकाला जवळची जोडी 'तुम्बाड' (२०१८). दिग्दर्शक राही अनिल बर्वे. चित्रपटामागे नारायण धारप यांची 'आजी' ही कथा आहे, आणि त्या कथेमागे स्टीफन किंग यांची 'ग्रॅमा'. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलं, कथानकाचा मात्र त्या कादंबरीशी संबंध नाही.

किंग यांच्या कथेत मोठ्या भावाला दुखापत होते, आईला त्याच्याकडे जावं लागतं आणि लहान मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ घरात एकटा उरतो. एवढंच. 'तुम्बाड'च्या १९१८मधल्या पहिल्या भागात हाच सांगाडा आहे. धाकटा सदाशिव झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, आणि विनायक साखळीने बांधलेल्या म्हातारीजवळ रात्रभर एकटा. पण किंग यांची कथा जिथे संपते तिथे हा चित्रपट सुरू होतो. पुढचे भाग, पंधरा वर्षांनंतरचा आणि १९४७चा, पूर्ण नवे आहेत. हस्तर हा लोभी देव, कणकेच्या बाहुल्या, सोन्याच्या मोहरा, बापाकडून मुलाकडे जाणारी हाव.

कथेचं रूपांतर कादंबरीपेक्षा सोपं का जातं ते इथे दिसतं. कादंबरी कापावी लागते, आणि कापलेलं वाचकाला खटकतं. कथेला वाढवावं लागतं, आणि वाढवलेलं दिग्दर्शकाचं स्वतःचं असतं.

धारपांचंच दुसरं उदाहरण 'लुचाई'. ती किंग यांच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या रक्त पिणाऱ्या पिशाच्चांच्या कादंबरीवर बेतलेली आहे. धारपांची रीत पाहण्यासारखी आहे. परकी कथा घेताना ते माणसं, नाती, घरं आपली करतात, धर्माचा आधारही इथला आणतात. क्रूसाच्या जागी काहीतरी ठेवलं एवढ्याने भागत नाही, त्यामागची श्रद्धा वाचकाच्या घरात असावी लागते. ती बैठक जमली की कथा इथलीच वाटते. याच कारणाने मूळ आणि मराठी दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. रूपांतर कसं करतात हे शिकायला यापेक्षा चांगलं साधन मराठीत मला दिसत नाही. जाडजूड इंग्रजी कादंबरी आधी झेपत नसेल तर 'लुचाई' आधी घ्या.

'सेलम्स लॉट'ची १९७९ची टीव्ही मालिका टोबी हूपर यांची. पुस्तकातला मुख्य पिशाच्च बार्लो सुसंस्कृत बोलणारा आहे. मालिकेत तो मुका, निळसर चेहऱ्याचा प्राणी केला. हा बदल मला पटत नाही, बोलणाऱ्या बार्लोची भीती वेगळ्याच जातीची आहे. खिडकीबाहेर तरंगणारं पोर मात्र अप्रतिम. तारेऐवजी त्याला क्रेनवर बसवलं आणि चित्रण उलटं चालवलं, म्हणून धुकं त्याच्या दिशेने ओढलं जाताना दिसतं.

सांजसावली

गावकुस, धारपांच्या बरोबरीने रत्नाकर मतकरी यांचं 'गहिरे पाणी' आणि त्याच नावाची मालिका हवीच. मतकरींच्या कथांत शेवटचं वाक्य सगळं फिरवतं. ते पडद्यावर नेताना अडचण अशी की वाक्याला चेहरा नसतो. बोलणारा कोण हे लपवून कथा लिहिता येते, चित्रित करता येत नाही.

काजवा

ही अडचण हिचकॉक यांनी सोडवली आहे, म्हणून 'सायको' घ्यायला हवा. रॉबर्ट ब्लॉक यांची कादंबरी १९५९ची, चित्रपट १९६०चा. कादंबरी नॉर्मन आणि त्याची आई यांच्या संवादाने सुरू होते. कागदावर दोघं बोलतात, वाचक दोन माणसं धरून चालतो. पडद्यावर आई दाखवायची कशी? हिचकॉक यांनी नॉर्मन तिला जिन्यावरून खाली नेतो तो प्रसंग थेट वरून, छतातून चित्रित केला. कॅमेरा एकदम वर नेला असता तर चेहरा लपवतोय हे लक्षात आलं असतं. म्हणून तो दार आणि जिन्याशेजारून सावकाश चढत जातो, मागे दोघांची वादावादी चालू असते, आणि आपण ती ऐकण्यात गुंततो.

ब्लॉक यांचा नॉर्मन चाळिशीचा, जाडजूड, दारू पिणारा. हिचकॉक यांनी तो तरुण, सडपातळ, लाजरा केला. पुस्तकात आपण त्याच्या डोक्यात असतो म्हणून त्याच्याविषयी कणव वाटते. पडद्यावर ती कणव अँथनी पर्किन्सच्या चेहऱ्याने मिळवावी लागली. पुस्तकात पैसे घेऊन पळालेली मेरी लवकर मरते, आणि तो प्रसंग मोजक्या ओळींत उरकतो. चित्रपटात ती मॅरियन होते, पाऊण तास आपण तिच्याबरोबर पळून जातो, आणि मग न्हाणीघर. सुमारे पाऊण मिनिटाच्या त्या तुकड्यासाठी ७८ कॅमेरा मांडण्या लागल्या. हिचकॉक यांना तिथे संगीत नको होतं. बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यांवर लिहून ऐकवलं आणि ते राहिलं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप, कृष्णधवल असल्याने चाललं.

क्रम: चित्रपट आधी, निःसंशय. गुपित एकच आहे आणि ते पडद्यावर जास्त जोरात फुटतं.

नवखी_वाचक

'ड्रॅक्युला' तारखेनुसार वाचतात असं ऐकलं. तसं वाचावं का?

अमावास्या_०३

पहिल्या वाचनात नाही. ब्रॅम स्टोकर यांची ही कादंबरी (१८९७) डायऱ्या, पत्रं, तारा, जहाजाची नोंदवही यांची बनलेली आहे. ३ मेला सुरू होते, ६ नोव्हेंबरला कथा संपते. पण पुस्तकातला क्रम तारखांचा नाही. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या हार्करची डायरी ३० जूनपर्यंत सलग येते, आणि मग लेखक मागे ९ मेच्या पत्रांकडे जातो. तारखेने वाचलं तर किल्ल्यातल्या कोंडमाऱ्यात मैत्रिणींची लग्नाची पत्रं मध्ये मध्ये घुसतात आणि पहिल्या चार प्रकरणांचा दाब फुटतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तारखेने वाचा. कोण केव्हा काय जाणत होतं ते तेव्हा लख्ख दिसतं. मराठीत किंवा इंग्रजीत संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. संक्षेपात सगळ्यात आधी जहाजाची नोंदवही छाटली जाते, आणि खलाशी एकेक करून नाहीसे होतात तो भाग पुस्तकातला सर्वोत्तम आहे.

पडद्याकडे जाताना एक लक्षात ठेवा. पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो, त्याची शक्ती तेवढी कमी होते. सूर्यप्रकाशाने पिशाच्च मरतं हे मुर्नाउ यांच्या 'नोस्फेराटू'ने (१९२२) रूढ केलं. तो चित्रपट परवानगीशिवाय काढला होता. स्टोकर यांच्या पत्नीने खटला भरला आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला, तरी काही प्रती वाचल्या. आज वेगवेगळ्या लांबीच्या आणि वेगवेगळं संगीत लावलेल्या प्रती फिरतात. दुरुस्त केलेली, रंगछटा असलेली प्रत शोधा. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित केलेले आहेत. निळी छटा नसेल तर पिशाच्च भर उन्हात फिरताना दिसतं आणि शेवटच्या पहाटेचा अर्थच लागत नाही.

वेताळपंचविशी

आवृत्त्यांचा विषय निघालाच आहे तर 'द एक्झॉर्सिस्ट'. विल्यम पीटर ब्लॅटी यांची कादंबरी १९७१ची, फ्रीडकिन यांचा चित्रपट १९७३चा, पटकथाही ब्लॅटी यांचीच. १९७३ची आवृत्ती सुमारे १२२ मिनिटांची, २००० सालची सुमारे १३२ मिनिटांची. पहिल्यांदा १९७३चीच पाहा. नंतरच्या आवृत्तीत मुलगी जिन्यावरून उलटी, कोळ्यासारखी उतरते तो प्रसंग आहे. तो मित्राच्या मृत्यूची बातमी येते त्याच क्षणी येतो, त्यामुळे आईला बसलेला धक्का आपल्यापर्यंत पोचायच्या आत दुसरा धक्का बसतो. शिवाय काळोखात क्षणभर चमकणारे चेहरे वाढवले आहेत, ते मोजक्या ठिकाणी असतानाच काम करत होते.

कादंबरी मात्र चित्रपटानंतर जरूर वाचा. मुलीला सैतानाने झपाटलं आहे का हे तपासणारा धर्मगुरू, फादर कारस, प्रत्येक लक्षणाला वैद्यकीय कारण शोधत राहतो, आणि ते दर वेळी जवळजवळ पुरतं. चित्रपटात ही बाजू थोडक्यात उरकते, कारण पलंग हलताना दिसल्यावर शंकेला जागा उरत नाही. पडद्याने त्याऐवजी थंडी दिली. खोलीचा सेट यंत्रांनी गोठवला होता, नटांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे.

नवखी_वाचक

सबटायटल्स लावावीत का? इंग्रजी कुजबुज कळत नाही.

खर्ज

लावा, पण प्रकार पाहून. यादीत बहुधा साधं 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी' किंवा 'एसडीएच' असे दोन पर्याय असतात. दुसरा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतो, त्यात दार करकरतं, पावलं जवळ येतात, कुणीतरी श्वास घेतं हेही लिहून येतं. ओळ आवाजाच्या जरा आधी झळकली की दचकणं गेलंच. साधा पर्याय घ्या. फक्त सीसीच असेल तर अक्षरं सगळ्यात लहान आणि करडी करा, पार्श्वभूमीची काळी पट्टी काढून टाका. काळोख्या चौकटीत पांढरी शुभ्र अक्षरं आली की डोळ्याची बाहुली आकसते आणि पुढचे काही क्षण अंधारातलं काही दिसत नाही. 'रिंग'सारख्या जपानी चित्रपटाला इंग्रजी डबिंग नको, मूळ भाषा आणि साधी सबटायटल्स ठेवा. डबिंग करताना काही वेळा पार्श्वध्वनीही नव्याने मिसळतात, आणि त्यात फितीतला तो धातू घासल्यासारखा आवाज दबून जाण्याचा धोका असतो.